हॉलमधले दहा हॅलोजन स्पॉट: डिमरनं बिल उतरतं का, आणि एलईडी बसवताना जुना डिमर चालेल का?

कर्वेनगरी

कोथरूडमधला टू बीएचके फ्लॅट, मधला मजला. हॉल साधारण ११ बाय १७ फूट, फॉल्स सीलिंग जमिनीपासून साडेआठ फुटांवर. त्यात दहा स्पॉट आहेत. सहा १२ व्होल्टचे, बारीक दोन पिनांचे एमआर-१६, ५० वॅट. प्रत्येकाच्या वर स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. उरलेले चार थेट २३० व्होल्टवरचे, जाड पिना फिरवून बसणारे जीयू-१०, तेही ५० वॅट. सगळे दहा एकाच गोल डिमरवर. डिमरवर ६५० वॅट छापलंय. रोज संध्याकाळी पाच तास चालू असतात, त्यातला बराच वेळ मंद.

तीन प्रश्न:
निम्म्यावर फिरवले तर वीज निम्मी लागते का?
दोन जीयू-१० च्या जागी डिमेबल एलईडी लावून पाहिले, छान मंद होतात. मग बाकी आठही तसेच बदलून टाकू का?
डिमर बदलायचा झाला तर दुकानात नेमकं काय मागायचं?

ओहम

वीज निम्मी लागत नाही. हॅलोजन हा तंतूचा दिवा. व्होल्टेज कमी केलं की तंतू थंड पडतो, आणि तंतू थंड पडला की आत जाणाऱ्या विजेतला आणखी मोठा वाटा नुसत्या उष्णतेत जातो. ठोकताळा असा, की प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो आणि वीज १.६ व्या घातानं. प्रकाश निम्मा करायला व्होल्टेज ८२ टक्क्यांवर आणावं लागतं, तेव्हा वीज ७२ टक्के लागतच असते. प्रकाश पाव केला तरी वीज निम्म्याहून थोडी जास्तच.

तुमचे आकडे घालून पाहा. १० गुणिले ५० म्हणजे ५०० वॅट, रोज ५ तास, महिन्याला ७५ युनिट. ट्रान्सफॉर्मरमधली गळती वेगळी. रोज पूर्ण वेळ निम्म्या प्रकाशावर ठेवले तर ५४ युनिट. आता दहाही जागी ५.५ वॅटचे एलईडी घाला: ५५ वॅट, महिन्याला सव्वाआठ युनिट, तेही डिमरला हात न लावता. एलईडीची वीज जवळजवळ प्रकाशाच्या प्रमाणातच उतरते, म्हणून ते निम्म्यावर आणले तर साडेचार-पाच. म्हणजे दिवा बदलण्यात ६६ युनिट आहेत आणि डिमरमध्ये त्यापुढची तीन-चार. डिमर हवाच असेल तर डोळ्यांच्या सुखासाठी घ्या, तेही रास्त कारण आहे. पण बिलासाठी बदलायचा तो दिवा.

बिलात हा फरक वरच्या टोकाला दिसतो. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात, आणि वाचलेली युनिटं तुमच्या सगळ्यांत महाग टप्प्यातून वजा होतात. वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्कही त्यांच्याबरोबर उतरतं. स्थिर आकार मात्र आहे तेवढाच राहतो. मोजायला सोपं म्हणून सगळं धरून १० रुपये युनिट धरलं तर महिन्याला ६६० रुपये. तुमच्या टप्प्याचा दर बिलाच्या मागे छापलेला असतो, तो घालून पुन्हा मोजा. उन्हाळ्यात हॉलचा एसी चालत असेल तर ४४५ वॅट उष्णता कमी झाली म्हणून एसीचेही दीडशेच्या आसपास वॅट वाचतात.

आता दोन एलईडी छान का चालले, ते. तुमचा डिमर ट्रायकचा (ट्रायक म्हणजे लहरीगणिक चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), म्हणजे लीडिंग एज. प्रत्येक अर्ध्या लहरीत तो थोडा उशिरा सुरू होतो आणि लहर शून्यावर येईपर्यंत चालू राहतो. चालू राहायला त्याच्यातून ठरावीक किमान करंट वाहावाच लागतो. दोन एलईडींच्या जोडीला आठ हॅलोजन आहेत, ४०० वॅटचा तंतूच्या दिव्यांचा लोड, म्हणून ट्रायक निवांत आहे. जसजसे हॅलोजन काढाल तसतसा तो आधार जाईल. अशा डिमरचा किमान लोड बहुधा ४० ते ६० वॅट असतो, आणि दहा एलईडी मिळून होतात ५५. त्यातही एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं आतलं मंडळ, लहरीभर सारखा करंट ओढत नाही. ट्रायक मधेच सुटतो, पुन्हा लागतो, दिवे लुकलुकतात, डिमर गुणगुणतो. म्हणून दोन दिव्यांची चाचणी खरी चाचणी नाही. दहाही दिवे एलईडी करून, डिमर अगदी खाली आणून पाहाल तेव्हाच कळेल.

एक हॅलोजन आधाराला ठेवून द्या, असा सल्ला पुष्कळ वायरमन देतात. लुकलुक थांबते हे खरं, पण तो एकटा महिन्याला साडेसात युनिट खातो, म्हणजे बाकीच्या नऊ एलईडींइतकी वीज. त्या वाटेला जाऊ नका.

दुकानात "ट्रेलिंग एज, एलईडीसाठीचा डिमर" असं मागा. त्यात ट्रायकऐवजी मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. तो लहर सुरुवातीला जोडतो आणि शेवटी हळूच तोडतो. ड्रायव्हरला झटका बसत नाही आणि किमान लोडही पाच-दहा वॅटच लागतो. दोन गोष्टी पाहून घ्या. एक, एलईडीसाठी वॅटचा वेगळा आकडा छापलेला असतो, तोच धरायचा. तंतूच्या दिव्यांसाठीचा मोठा आकडा इथे निरुपयोगी. लीडिंग एज डिमरला तर एलईडीसाठी त्याचा दहावा हिस्सा धरतात, म्हणजे तुमचा ६५० चा डिमर ६५ वॅटचा. दुसरी, बारीक स्क्रूनं किमान पातळी ठरवायची सोय हवी. बसवल्यावर दिवे सर्वांत खाली आणा, लुकलुक सुरू होईपर्यंत स्क्रू फिरवा, मग थोडा मागे घ्या. आता बंद करून त्याच पातळीवर पुन्हा चालू करा. दहापैकी एक जरी उशिरा पेटला तरी स्क्रू अजून थोडा मागे.

आणि डिमेबल नसलेला एलईडी कुठल्याच डिमरवर लावू नका. सुरुवातीला चालल्यासारखा वाटतो, पण त्याच्या आतल्या कपॅसिटरला दर अर्ध्या लहरीत, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, करंटचा तडाखा बसतो आणि काही आठवड्यांत ड्रायव्हर जातो.

तारजोड

ओहम यांच्याशी सहमत. १२ व्होल्टच्या सहा दिव्यांचं काय करायचं ते लिहितो, कारण खरं काम तिथेच आहे.

त्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरवर बघा, "२०-६० वॅट" असं काहीतरी छापलेलं असेल. खाली ५ वॅटचा एमआर-१६ एलईडी लावलात तर ट्रान्सफॉर्मरला किमान लोडच मिळत नाही. तो मधूनमधून बंद पडतो, किंवा सुरूच होत नाही. वर डिमर, मध्ये ट्रान्सफॉर्मर, खाली एलईडीचा स्वतःचा ड्रायव्हर, अशी तीन इलेक्ट्रॉनिक मंडळं एकमेकांशी भांडत बसतात. सहाही ट्रान्सफॉर्मर काढा आणि सगळे दिवे २३० व्होल्टचे जीयू-१० करा. फिटिंगची रिंग बहुतेक वेळा तीच चालते, कारण दोन्ही दिव्यांचा व्यास ५० मिलिमीटरच असतो. जीयू-१० लांबीला थोडा जास्त, म्हणून सीलिंग आणि स्लॅब यांच्यात किती जागा आहे ते आधी हात घालून पाहा.

लागणारं सामान: सहा सिरॅमिकचे जीयू-१० होल्डर, मागे उष्णता सोसणाऱ्या वायरीवाले, सहा छोटे झाकणवाले जंक्शन बॉक्स, कनेक्टर, १ चौरस मिलिमीटरची एफआर (सहजी पेट न घेणारी) वायर, तीन रंगांत प्रत्येकी चार-पाच मीटर. सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका फेरीत मिळेल. जुना दिवा आणि काढलेला डिमर सोबत न्या.

सगळ्यांत मोठी चूक होते ती ट्रान्सफॉर्मर काढून त्याच्या पुढचीच वायर २३० ला जोडण्यात. ट्रान्सफॉर्मरपासून दिव्यापर्यंतची वायर १२ व्होल्टसाठी घातलेली असते, कधीकधी नुसती स्पीकरची वायर. तिचं वेष्टण २३० व्होल्टसाठी नसतं, आणि हॅलोजनच्या मागच्या उष्णतेनं इतक्या वर्षांत ते कडक होऊन तडकलेलं असतं. तेवढा तुकडा पूर्ण काढून टाका. फेज-न्यूट्रलच्या मूळ वायरीचंही टोक काळं किंवा कडक झालं असेल तर चांगली वायर लागेपर्यंत मागे कापा.

धातूच्या फिटिंगला अर्थिंग हवंच. १२ व्होल्टच्या फिटिंगला ते बहुधा दिलेलं नसतं, म्हणून हिरवी वायर शेजारच्या जीयू-१० च्या अर्थिंगवरून ओढून घ्या. शेजारी नसेल तर प्लास्टिकची फिटिंग घ्या. जोड चिकटपट्टीत गुंडाळून वर सोडून देऊ नका. जंक्शन बॉक्समध्ये, झाकण लावून.

नवा डिमर दोन मॉड्यूलचा असतो, जुन्याच्या जागी बसेल. काही डिमरना न्यूट्रलही लागतो. आपल्याकडे बोर्डात सॉकेट असतोच, त्यामुळे न्यूट्रल तिथेच मिळतो. मात्र तो त्याच सर्किटचा असू द्या. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल घेतला तर आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) ट्रिप होत राहू शकतो आणि दोष शोधण्यात दिवस जाईल.

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. वरचं सगळं त्याच्याशी बोलताना आणि काम झाल्यावर तपासताना उपयोगी पडावं म्हणून लिहिलंय.

लुकलुक

वॅटवर जाऊन एलईडी घेऊ नका, ल्युमेन, म्हणजे प्रकाश किती ते पाहा. तुमचे दोन प्रकारचे हॅलोजन दोन्ही ५० वॅटचे असले तरी सारखे नाहीत. १२ व्होल्टचा तंतू जाड असतो, जास्त तापवता येतो, म्हणून त्यातून पाचशेच्या वर ल्युमेन मिळतात. २३० व्होल्टच्या जीयू-१० मधून तीनशे-साडेतीनशे. त्यामुळे ४०० ल्युमेनचा ५.५ वॅटचा एलईडी जीयू-१० च्या जागी उजळ वाटेल आणि एमआर-१६ च्या जागी किंचित कमी. पण दहाही एकाच प्रकारचे, एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच खेपेचे घ्या, वर दोन जास्तीचे. एका डिमरवर दोन प्रकारचे दिवे आले की खाली आणताना एक आधी विझतो आणि दुसरा उजळच राहतो.

कोन छापलेला असतो, तोही पाहा. साडेआठ फुटांवरून, म्हणजे २.६ मीटरवरून, ३६ अंशांचा झोत जमिनीवर सुमारे १.७ मीटर व्यासाचा पडतो, ६० अंशांचा ३ मीटरचा, २४ अंशांचा १.१ मीटरचा. तुमच्या हॉलमध्ये सर्वसाधारण उजेडाला ६० घ्या. २४ अंशांचे फक्त भिंतीवरच्या चित्रासाठी. सगळीकडे लावले तर जमिनीवर गोल ठिपके आणि भिंती काळ्या.

रंग २७०० किंवा ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर, उबदार. हॅलोजन मंद करताना पिवळसर होत जातो, तो उबदारपणा साध्या एलईडीत येत नाही. मंद केला तरी रंग तोच राहतो. तसा परिणाम हवा असेल तर "डिम टू वॉर्म" नावाचे दिवे वेगळे मिळतात. मंद प्रकाशात ६५०० केल्विनचा पांढरा दिवा निळसर, निस्तेज दिसतो, तो घेऊच नका.

बॉक्सवर "डिमेबल" हा शब्द, आयएस १६१०२ (एलईडी दिव्यांचं भारतीय मानक) आणि आर नं सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. लुकलुक डोळ्यांना दिसत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनवर दिवा पाहा. पट्टे सरकताना दिसले किंवा दिवा धडधडताना दिसला तर तो डिमर-दिव्याचा जोड चांगला नाही.

पुनवडी

माझं मत थोडं वेगळं आहे. दहा दिव्यांना एकच डिमर ही मांडणीच मुळात चुकीची. टीव्ही पाहताना दहाही दिवे मंद नको असतात. भिंतीकडचे दोन-तीन पुरे असतात आणि बाकीचे बंद. दहाचे तीन गट करा: सोफ्यावरचे चार, कडेचे चार, टीव्हीच्या भिंतीचे दोन. तीन साधे स्विच. डिमर लावायचाच तर फक्त सोफ्यावरच्या चारांना. बंद दिव्याइतकी बचत कुठलाच डिमर करत नाही, आणि साध्या स्विचवरच्या सहा जागी डिमेबल नसलेले स्वस्त दिवेही चालतात.

त्यासाठी बोर्डापासून सीलिंगपर्यंत आणखी दोन फेज वायरी न्याव्या लागतात. पाइपमध्ये जागा आहे का ते वायरमन स्प्रिंग घालून दहा मिनिटांत सांगेल. एलईडीचा करंट इतका कमी आहे, की १ चौरस मिलिमीटरच्या वायरी पुरतात.

वायर जातच नसेल तर स्मार्ट दिवे सुचवले जातील. एक हिशोब आधी करा. स्मार्ट दिवा "बंद" असतानाही रेडिओसाठी ०.३ ते ०.५ वॅट घेत राहतो. दहा दिवे, ०.४ वॅट, चोवीस तास, तीस दिवस: २.९ युनिट. तुमच्या दहा एलईडींचा महिन्याचा वापरच सव्वाआठ आहे, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हे न पेटता गेलं. आणि स्मार्ट दिवा अशा लहर कापणाऱ्या डिमरवर कधीही लावायचा नाही. डिमर काढून तिथे साधा स्विच लागतो.

ओहम

पुनवडींचा गटांचा मुद्दा पटतो. पाइपमध्ये जागा असेल तर तेच पहिलं करावं. फक्त सोफ्यावरचे चारच डिमरवर ठेवले तर लोड २२ वॅटवर येतो, मग ट्रेलिंग एज डिमरचा किमान आकडा १० वॅट किंवा त्याखालीच हवा. घेताना विचारा.

सांजदिवा

मधेच विचारते, क्षमस्व. बाथरूममधला एलईडी स्पॉट स्विच बंद केल्यावरही रात्री मिणमिणतो. डिमर नाही. वीज वाया जातेय का? आणि छोट्या खोलीतले दिवे मंद करायला पंख्याचा रिकामा रेग्युलेटर आहे, तो वापरला तर?

तारजोड

ताई, स्विचमध्ये लाल इंडिकेटर आहे का पाहा. त्या निऑनमधून सूक्ष्म करंट जातो, ड्रायव्हरमधला कपॅसिटर हळूहळू भरतो आणि दिवा मिणमिणतो. वीज नगण्य, धोका नाही. इंडिकेटर नसलेला स्विच लावा, की संपलं. तरी मिणमिणला तर लांब पाइपात शेजारून जाणाऱ्या चालू फेजमुळे बंद वायरीत व्होल्टेज येतं. त्याला उपाय म्हणजे दिव्याच्या फेज-न्यूट्रलमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर आणि त्याच्याशी एकसरीत १०० ओहमचा रोध. तयार स्नबर म्हणूनही मिळतो. साधा डीसी कपॅसिटर तिथे लावायचा नाही, तो फुटतो.

एक शक्यता मात्र गंभीर आहे: स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असणं. तसं असेल तर दिवा बंद दिसतो पण होल्डरमध्ये फेज असतो, आणि बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. इंडिकेटर काढल्यानंतर स्विच बंद ठेवून होल्डर तपासून घ्या, या आठवड्यातच.

पंख्याचा रेग्युलेटर नको. आतमध्ये कपॅसिटर असतात, ते पंख्याच्या मोटरसाठी मोजूनमापून घातलेले. एलईडीचा ड्रायव्हर कमी व्होल्टेजवरही उजेड तेवढाच ठेवायचा प्रयत्न करतो, मग एका पायरीवर एकदम उघडझाप करू लागतो. लवकर जळतो.

कर्वेनगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाइपमध्ये दोन वायरी जातात, वायरमननं पाहिलं. म्हणजे तीन गट आणि सोफ्यावरच्या चारांना ट्रेलिंग एज डिमर. शेवटचं एकच: हॉलची ही लाइन इन्व्हर्टरवर आहे. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा, १२ व्होल्ट १५० एएचची एक बॅटरी. डिमरला अडचण येईल का?

ओहम

येईल. चौकोनी लहरीत व्होल्टेज एकदम चढतं आणि एकदम उतरतं, तर डिमर साइन लहरीच्या हळू चढ-उतारावर बेतलेला असतो. दिवे गुणगुणतील, डिमरची पातळी बदललेली वाटेल आणि ड्रायव्हरचा कपॅसिटर तापेल. लाइट गेली की डिमर पूर्ण वर ठेवा, किंवा सोफ्याचा गट बंद करून साध्या स्विचवरचे दिवे लावा. पुढे इन्व्हर्टर बदलाल तेव्हा साइन वेव्हचा घ्या. बॅटरीला मात्र मोठाच आराम मिळेल: ५०० वॅटला ती पन्नासेक अँपियर देत होती, ५५ वॅटला साडेपाच.

तारजोड

लाइन इन्व्हर्टरवर आहे हे बरं झालं सांगितलंत. मेन एमसीबी पाडला तरी ही लाइन जिवंत राहते. उलट मेन पाडताच इन्व्हर्टर सुरू होऊन तिच्यात २३० व्होल्ट सोडतो. वायरमनला शिडीवर चढण्याआधी हे स्वतः सांगा. क्रम असा: आधी इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद, मग त्याचा इनपुट प्लग सॉकेटमधून बाहेर, मग मेन पाडा, मग आउटपुटची जोडणी सोडवून टोकं कनेक्टरमध्ये झाकून ठेवा. काही इन्व्हर्टरमध्ये स्विच बंद असला तरी बायपासमधून मेनचा फेज पुढे जातो, म्हणून नुसत्या स्विचवर विसंबू नका. टेस्टर आधी शेजाऱ्यांकडच्या किंवा जिन्यातल्या चालू सॉकेटवर पेटतो का ते पाहा, मग सीलिंगमधल्या दोन्ही वायरींना लावा, फेजला आणि न्यूट्रललाही.